रीमास्टर केलेलं गेमचं संगीत: खरंच सुधारलंय की नुसतं जोरात वाजतंय?

२०१३ च्या शेवटी ‘फायनल फँटसी टेन’ची एचडी आवृत्ती जपानमध्ये प्लेस्टेशन ३ आणि व्हिटावर आली आणि संगीतावरून चाहत्यांमध्ये जुंपली. २००१ च्या मूळ गेममधल्या बऱ्याच सुरावटींचं संयोजन नव्याने केलेलं होतं आणि जुन्या ऐकण्याची सोय गेममध्ये ठेवलेली नव्हती. २०१५ मध्ये तोच गेम प्लेस्टेशन ४ वर आला, तेव्हा कुठे जुनं की नवं हे निवडायचा पर्याय मिळाला. असल्या वादात सगळे आवाजाच्या दर्जाबद्दलच बोलत असतात, पण एकाला नवी वाद्यं रुचलेली नसतात, दुसऱ्याला जुन्या आवाजातली खरखर गेल्याचा आनंद असतो, आणि तिसऱ्याकडे नवीन फक्त जास्त जोरात वाजत असतं. हे तीन मुद्दे वेगळे काढले की अर्धं भांडण मिटतं. उरलेलं अर्धं मिटवायला थोडी मेहनत लागते. ती कशी करायची, ते पुढे क्रमाने लिहितोय. लागणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि महागडे हेडफोन नसले तरी चालतं.

पहिलं काम: नेमकं काय बदललंय ते ओळखा

‘रीमास्टर’ या पाटीखाली तीन निरनिराळे प्रकार विकले जातात.

पहिल्यात ध्वनिमुद्रण तेच असतं, फक्त मूळ स्टुडिओतल्या फायलींपासून नव्याने मास्टर केलेलं, म्हणजे आवाजाची पातळी आणि समतोल यांच्यावर शेवटचा हात फिरवलेलं. २०२० चं ‘कमांड अँड कॉन्कर रीमास्टर्ड कलेक्शन’ हे याचं चांगलं उदाहरण. १९९५ च्या मूळ गेममध्ये संगीत जागा वाचवायला २२,०५० हर्ट्झवर (सेकंदाला आवाजाची इतकी मापं घेऊन), मोनोमध्ये आणि दाबून भरलेलं होतं. अशा मापांत त्यांच्या निम्म्या वारंवारतेपर्यंतचाच आवाज मावतो, म्हणजे ११ हजार हर्ट्झच्या वरचं काही त्यात असणंच शक्य नव्हतं. संगीतकार फ्रँक क्लेपॅकीने स्वतः त्यावर पुन्हा काम केलं. इथे सुधारणा खरी आहे आणि ती कानाला लगेच कळते.

दुसऱ्या प्रकारात सुरावट तीच, पण वाद्यांचे नमुने (त्यांच्या आवाजाचे रेकॉर्ड केलेले छोटे तुकडे) चांगले घालून ती पुन्हा वाजवलेली असते. ‘डाँकी काँग कंट्री’च्या (१९९४) बाबतीत चाहत्यांनीच हा उद्योग केलाय: मूळ नमुने कोणत्या सिंथेसायझरमधून आले ते हुडकून, चिपमध्ये कोंबण्याआधीचा आवाज परत आणला.

तिसऱ्या प्रकारात संयोजनच नवं असतं, ‘फायनल फँटसी टेन’सारखं. इथे ‘आवाजाचा दर्जा घसरला’ असं लिहिण्याआधी थांबा. व्हायोलिनच्या जागी बासरी आली, तर तो आवडीनिवडीचा मामला. त्यावर जरूर लिहा, पण वेगळ्या परिच्छेदात. या लेखातल्या मोजमापाच्या युक्त्या तिसऱ्या प्रकाराला अर्ध्याच लागू पडतात.

मूळ म्हणजे कुठलं मूळ?

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

सुपर निन्टेंडो घ्या. त्याची ध्वनिव्यवस्था सोनीच्या केन कुतारागीने बनवलेली. स्मृती फक्त ६४ किलोबाइट, एका वेळी आठ आवाज, आणि बाहेर येणारा सिग्नल ३२,००० हर्ट्झचा. त्या ६४ किलोबाइटमध्ये वाद्यांचे नमुने, सुरावटीची माहिती, वाजवणारा प्रोग्राम आणि वर प्रतिध्वनीसाठी राखलेली जागा, सगळं बसवायचं. प्रतिध्वनी दर १६ मिलिसेकंदांना २ किलोबाइट खातो. पूर्ण २४० मिलिसेकंदांचा हवा असेल तर ३० किलोबाइट, म्हणजे जवळजवळ अर्धी स्मृती गेली. त्यामुळे ज्या सुरावटीत लांब प्रतिध्वनी ऐकू येतो, तिथे संगीतकाराने काही वाद्यांवर पाणी सोडलेलं असतं. तो प्रतिध्वनी रचनेचाच भाग आहे. रीमास्टर करणाऱ्याने त्यावर आणखी एक मोठ्या सभागृहाचा रिव्हर्ब (घुमण्याचा परिणाम) चढवला, तर एकावर एक दोन प्रतिध्वनी बसतात आणि सगळं गढूळ होतं. ‘भव्य वाटतंय’ म्हणून पुष्कळ जण याचं कौतुक करतात. मला ते अजिबात पटत नाही.

शिवाय ही चिप नमुने वाजवताना त्यांच्या कडा मऊ करते. याला गाउसियन इंटरपोलेशन म्हणतात, आणि त्यामुळे वरचे स्वर दबतात. आता तुम्ही तुलनेसाठी एसपीसी फाइल घेतलीत (त्या ६४ किलोबाइट स्मृतीची जशीच्या तशी नक्कल) आणि प्लेअरमध्ये इंटरपोलेशन ‘क्यूबिक’ किंवा ‘सिंक’वर ठेवलंत, तर ऐकू येईल ते मूळ यंत्रापेक्षा लख्ख असेल. त्याला मूळ समजून ‘रीमास्टर दबलेलं आहे’ म्हणणं म्हणजे भलत्याच पट्टीने मोजणं. सेटिंग गाउसियनवर आणा, मगच तुलना.

‘फायनल फँटसी सेव्हन’ची गोष्ट आणखी निराळी. १९९७ च्या प्लेस्टेशन आवृत्तीत संगीत त्या यंत्राच्या ध्वनिचिपवर वाजायचं. १९९८ च्या विंडोज आवृत्तीत ते मिडी स्वरूपात होतं, म्हणजे आवाज नव्हे, कोणता सूर कधी वाजवायचा याच्या नुसत्या सूचना; त्यामुळे ज्याचं साउंड कार्ड जसं, तसं त्याला ऐकू आलं. दोन जण ‘मला मूळ संगीत पाठ आहे’ म्हणतात तेव्हा दोघंही खरं बोलत असतात आणि दोघांचं मूळ वेगळं असतं.

आपल्याकडे तर हा प्रश्न घरोघरी आहे. महाराष्ट्रात नव्वदच्या दशकात लहानपण गेलेल्यांनी ‘काँट्रा’ आणि ‘मारिओ’ खेळले ते बहुतेक फॅमिकॉमच्या नकली यंत्रांवर, पिवळ्या-काळ्या कॅसेटी घालून. आपली टीव्ही पद्धत पाल, सेकंदाला ५० चित्रं. या गेमांचं संगीत चित्रांच्या गतीला बांधलेलं असतं आणि ते ६० च्या हिशेबाने लिहिलेलं. ५० च्या यंत्रावर ते सहाव्या हिश्श्याने संथ होतं: तीन मिनिटांची धून ३ मिनिटं ३६ सेकंद चालते. शिवाय काही नकली चिपांमध्ये चौकोनी लहरींच्या दोन रुंदी, २५ आणि ५० टक्के, उलटसुलट झालेल्या होत्या. म्हणजे जिथे किरटा आवाज हवा तिथे पोकळ, आणि पोकळ हवा तिथे किरटा. तुमच्या यंत्रात यातलं काही असेल, तर अधिकृत संग्रह ऐकताना ‘वेग वाढवलाय, वाद्यं बदललीत’ असं वाटणारच. आठवणीला पुरावा धरू नका. तुलनेसाठी हातात ठोस फाइल हवी: त्या काळची सीडी, अस्सल यंत्रावरून केलेलं रेकॉर्डिंग, किंवा नीट सेटिंग केलेल्या प्लेअरमधून काढलेली वेव्ह फाइल. यूट्यूबवरचं कुणीतरी चढवलेलं गाणं नको.

ऐकायची तयारी

हे थोडक्यात. वायरचा साधा हेडफोन घ्या, ब्लूटूथ बंद करा, कारण ते सिग्नल पुन्हा दाबतं आणि मग तुम्ही गेमऐवजी नेकबँडची परीक्षा घेत बसता. विंडोजमधले ‘एन्हान्समेंट’, मोबाईलमधला इक्वलायझर, डॉल्बी अ‍ॅटमॉस, बेस बूस्ट, सगळं बंद. छताचा पंखाही बंद, कारण त्याच्या घरघरीत सुरांच्या शेपट्या बुडतात. गणपतीच्या मिरवणुकीतून आल्या रात्री तर हे काम काढूच नका. कान तात्पुरते बधिर झालेले असतात आणि वरचे स्वर नीट ऐकू येत नाहीत.

पातळी सारखी करा, नाहीतर बाकी सगळं फुकट

या लेखातलं एकच काही करणार असाल, तर हे करा.

तेच गाणं एखाद-दीड डेसिबल वर नेलं तर माणसाला ते ‘जास्त मोठं’ असं जाणवत नाही. ‘जास्त स्पष्ट’, ‘जास्त जिवंत’ असं जाणवतं. मास्टरिंग करणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं. आवाज वर न्यायचा तर शिखरं कापावी लागतात, आणि ते काम लिमिटर करतो. ढोलाचा ठोका आधी बाकीच्यांतून वर उसळत असतो. लिमिटरनंतर तोही त्यांच्याच रांगेत येऊन उभा राहतो.

गेमच्या जगातला याचा गाजलेला पुरावा २००८ चा. मेटॅलिकाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ अल्बम सीडीवर आला आणि त्याच सुमारास ‘गिटार हिरो थ्री’ या गेममध्येही आला. चाहत्यांनी दोन्ही शेजारी ठेवून पाहिले, तर गेममधला आवाज मोकळा आणि सीडीवरचा चेपून फाटलेला. लहरींचं चित्र पाहिलं तर सीडीची पट्टी काठोकाठ भरलेली. मास्टरिंग करणाऱ्या टेड जेन्सननेही मिक्स (सगळी वाद्यं एकत्र केलेलं ध्वनिमुद्रण) आपल्याकडे आलं तेव्हाच चेपलेलं होतं असं म्हटलं. चाहत्यांनी कान आणि डोळे दोन्ही वापरले म्हणून ती तक्रार टिकली.

आता कृती. ऑडेसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये जुनी आणि नवी फाइल दोन वेगळ्या ट्रॅकवर उघडा. दोन्हीतून तोच भाग कापून घ्या, साधारण एक मिनिट, ज्यात हळू आणि जोराचं दोन्ही असेल. प्रत्येकावर ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ चालवा आणि दोघांनाही उणे २३ एलयूएफएसवर आणा. एलयूएफएस हे कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप. युरोपातल्या प्रसारण संस्थांनी ठरवलेली पातळी हीच उणे २३. ती इतकी खालची आहे की काही फाटण्याची भीती नसते. छोट्याला ओढून मोठं करण्यापेक्षा दोघांना खाली आणणं कधीही बरं.

मग लहरींची चित्रं पाहा. समजा जुनी फाइल आधी उणे १८ वर होती आणि नवी उणे ९ वर. पातळी सारखी केल्यावर नवीच्या चित्रात शिखरं बुटकी आणि सगळा पट्टा सपाट दिसेल, जुनीत अधूनमधून भाले उभे राहिलेले दिसतील. आता ऐका. आधी जी ‘ताकद’ वाटत होती ती गायब होते, आणि बऱ्याचदा जुनंच जास्त ठसकेबाज वाटतं. उलटही होतं: नवं मास्टर सभ्यपणे केलेलं असेल तर आता त्याचे खरे गुण उघडे पडतात.

एक लक्षात असू द्या: स्पॉटिफायवर ऐकत असाल तर तिथे मुळातच सगळं उणे १४ च्या आसपास आणलेलं असतं. तिथे आणि गेममध्ये वेगवेगळं मत झालं, तर त्याचं कारण बहुधा हेच.

चित्र पाहा, पण चित्रावर भाळू नका

स्पेक नावाच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये फाइल टाकली की तिचा स्पेक्ट्रोग्राम दिसतो. आडवा काळ, उभी वारंवारता, रंग म्हणजे जोर. १६ हजार हर्ट्झवर सरळ रेषेत सगळं कापलेलं दिसलं, की लोक ओरडतात: ‘एमपीथ्री वरून बनवलंय!’ कमी बिटरेटच्या एमपीथ्रीत खरंच १६-१७ हजारांच्या आसपास भिंत दिसते. पण वर सांगितलंय ते आठवा: सुपर निन्टेंडोचा सिग्नल ३२,००० हर्ट्झचा, म्हणजे त्याची कमाल वारंवारता त्याच्या निम्मी, १६ हजार. तिथे भिंत असणारच. ती फसवणूक नव्हे, तो त्या चिपचा स्वभाव आहे. उलट त्याच गेमच्या संगीताची ‘९६ किलोहर्ट्झ हाय-रेझ’ फाइल कुणी विकत असेल आणि तिच्यात २० हजारांच्या वरही भरगच्च रंग दिसत असेल, तर विचारा हा माल आला कुठून. वाद्यं नव्याने वाजवली असतील तर ठीक. नसतील तर तो एक्सायटरने (वरचे स्वर कृत्रिमपणे बनवणाऱ्या साधनाने) घातलेला मसाला आहे, किंवा खालच्या पट्ट्याची आरशातली प्रतिमा आहे. प्रतिमा ओळखायला सोपी: १६ हजारांच्या रेषेवर चित्र दुमडल्यासारखं दिसतं, खाली सूर चढत असेल तर वर तो उतरताना दिसतो.

वजाबाकी करून पाहा

पहिल्या प्रकारच्या रीमास्टरसाठी ही माझी सगळ्यात आवडती चाचणी. दोन्ही फायलींचा सॅम्पल रेट (सेकंदाला किती मापं) एकच करा. ऑडेसिटीत पहिला ठोका शक्य तितका मोठा करून पाहा आणि दोन्ही ट्रॅक एकेका नमुन्याच्या (इथे नमुना म्हणजे आवाजाचं एक माप) हिशेबाने जुळवा. इथे घाई करू नका, दोन-तीन नमुन्यांचा फरकही निकाल बिघडवतो. मग एका ट्रॅकवर ‘इन्व्हर्ट’ चालवा आणि दोन्ही एकत्र वाजवा. सारखं असलेलं सगळं एकमेकांना खाऊन टाकतं आणि फरक तेवढा उरतो.

एका ट्रॅकचा स्लायडर हळूहळू खालीवर करत सगळ्यात शांत जागा शोधा. तिथे पूर्ण शांतता झाली, तर अभिनंदन: तुम्ही आवाजाचं बटण फिरवलेली जुनीच फाइल विकत घेतलीत. फक्त ठोक्यांच्या जागी टक-टक ऐकू आलं तर लिमिटर. सतत एक बारीक सूं-सूं राहिली तर इक्वलायझर किंवा खरखर काढणारा फिल्टर. अख्खं गाणंच ऐकू येत राहिलं, तर दोन्हींचा वेग किंचित वेगळा आहे किंवा मिक्सच वेगळं आहे, आणि मग ही चाचणी तिथेच सोडून द्यायची.

कान कुठे लावायचा

पूर्ण गाणं ‘छान, ठीक, वाईट’ म्हणून ऐकू नका. ठरावीक जागा पकडा. झांजेचा आवाज विरताना शेवटच्या सेकंदात बुडबुडल्यासारखा होतो का? तसा होत असेल तर खरखर काढताना सूरही खरवडला गेलाय. पियानोची एकटी नोट पूर्ण विरते की मध्येच झाकण पडल्यासारखी संपते? ढोल आणि बेस एकत्र आले की ढोल मागे ढकलला जातो का? मग मोनो करून ऐका: रुंदी वाढवायला कृत्रिम स्टिरिओ वापरला असेल तर मोनोत एखादं वाद्य चक्क नाहीसं होतं किंवा पोकळ वाजतं.

आणि लूपचा सांधा. गेमचं संगीत गोल फिरणारं असतं. अल्बमवर ते दोनदा वाजवून हळूहळू विरवतात, त्यामुळे तिथे सांधा झाकला जातो. गेममध्ये एका जागी उभे राहा, हेडफोन लावा आणि गाणं संपून पुन्हा सुरू होण्याची वाट पाहा. टिचकी ऐकू येते? शेवटच्या सुराची शेपटी कापली जाते? एमपीथ्री फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता आपोआप जोडली जाते, त्यामुळे निष्काळजीपणे बसवलेल्या लूपमध्ये ठेका क्षणभर अडखळतो. तुम्हाला गेम दिवसचे दिवस खेळायचाय, तेव्हा ही टिचकी हजारदा ऐकावी लागणार.

मुख्य म्हणजे तपासणी गेममध्येच करा. २०१९ मध्ये ‘फायनल फँटसी सेव्हन’ स्विच आणि एक्सबॉक्स वनवर आला तेव्हा प्रत्येक लढाईनंतर पार्श्वसंगीत पहिल्यापासून सुरू व्हायचं. नकाशावर फिरताना वाजणारी लांबलचक धून कधी पुढे सरकायचीच नाही. फाइल उत्तम असून उपयोग काय? चाहत्यांनी बोंब मारली, मग सुधारणा आली. कुठल्याही स्पेक्ट्रोग्राममध्ये हा दोष दिसला नसता.

डोळे झाकून चाचणी

शेवटी स्वतःवरचा संशय. फूबार२००० या प्लेअरमध्ये एबीएक्स कंपॅरेटर नावाचं जोडसाधन मिळतं. तुमच्या दोन फायली ‘ए’ आणि ‘बी’. ‘एक्स’ त्यातलीच एक, पण कोणती ते लपवलेलं. तुम्ही ओळखायचं. १६ वेळा करा. निव्वळ अंदाजाने १६ पैकी १२ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी, त्यामुळे १२ आले तर फरक तुम्हाला खरंच ऐकू येतोय असं धरायला हरकत नाही. ८-९ वर अडकलात तर फरक एकतर नाहीच, किंवा तुमच्या साधनांवर ऐकू येण्याजोगा नाही. पातळी सारखी केलेल्याच फायली वापरा, नाहीतर तुम्ही फक्त मोठा आवाज ओळखाल आणि पैकीच्या पैकी गुण घ्याल. थकल्यावर ताणू नका, मध्ये चहा घ्या. आणि किती प्रयत्न करायचे ते सुरुवातीलाच ठरवा, बरोबर उत्तरं जमेपर्यंत चालू ठेवायचं नाही.

एबीएक्स फरक आहे का एवढंच सांगतं, चांगलं कोणतं ते सांगत नाही. तो निवाडा तुमचा.

तो लिहिताना एवढ्या गोष्टी न विसरता द्या: कोणत्या यंत्रावरची कोणती आवृत्ती, अपडेट कितवा, तुलनेला कोणती जुनी फाइल घेतली आणि ती कुठून, पातळी कितीवर आणली, हेडफोन कोणता. मग मिनिट-सेकंद देऊन दोन-तीन जागा. ‘१:१२ ला झांज विरताना बुडबुडते, जुन्या सीडीवर बुडबुडत नाही’ हे एक वाक्य ‘आत्माच गेला’ या दहा वाक्यांपेक्षा कामाचं, कारण ते वाचून कुणीही १:१२ ला जाऊन स्वतः ऐकू शकतं. अपडेट बनवणाराही.